उंबऱ्याबाहेरची लाट

“लोखंड?”

दार उघडलं की काकांच्या तोंडून निघणारा पहिला शब्द हा. ‘ये’ नाही, ‘बस’ नाही, ‘चहा घेणार का’ तर नाहीच नाही. एक शब्द, आणि पाठोपाठ पितळेची परात, आरतीच्या तबकासारखी छातीसमोर धरलेली. पाहुण्याने त्या परातीत किल्ल्या टाकायच्या, मोबाइल टाकायचा, कमरेचा पट्टा सोडून टाकायचा. बायकांनी केसांतल्या पिना काढून टाकायच्या. मग काका ती परात ओटीच्या कट्ट्यावर ठेवणार आणि चेहऱ्यावर एकदम दिवाळी आणून म्हणणार, “हां, आता या!”

मंडळी, तुम्हाला वाटेल हा माणूस विक्षिप्त होता. होताच. पण विक्षिप्तपणाला कारण होतं, आणि तेही नोकरीतलं. काकांचं उभं आयुष्य पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या एका वेधशाळेत गेलं. तिथे लोखंडाला मज्जाव. खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळेच्या, आणि यंत्राच्या खोलीत जायचं तर अंगावरचं सगळं लोखंड बाहेर ठेवून नुसता जीव घेऊन आत जायचं. आतली सुई इतकी हळवी, की खिशातल्या किल्लीनेसुद्धा तिचं चित्त ढळायचं. निवृत्त झाल्यावर माणसं ऑफिसातून शाल आणि श्रीफळ घरी आणतात. काकांनी नियम आणला.

त्यांच्या मुलीला बघायला पुण्याहून स्थळ आलं, तेव्हाची गोष्ट सांगतो. मी शेजारी म्हणून हजर होतो. मुलाच्या वडिलांनी किल्ल्या काढल्या, आईने पिना काढल्या. मुलगा मात्र ओशाळून म्हणाला, “काका, मोटारसायकलवरून पडलो होतो. पायात रॉड आहे.”

काकांचा चेहरा पडला. परात हातात तशीच. मुलाकडे बघतायत, त्याच्या पायाकडे बघतायत. आत काकूंनी पोह्यांवर खोबरं घालता घालता हात थांबवला. शेवटी काका म्हणाले, “आपण असं करू, तुम्ही ओटीवर बसा. आम्ही दारातून बोलू.”

“टायटॅनियमचा आहे,” मुलगा म्हणाला.

“अहो, मग आधी सांगायचं!” काकांनी त्याला मिठीच मारली. “त्याला चुंबक ओळखतही नाही! या, आत या!”

पगार विचारला नाही, पत्रिका बघितली नाही. लग्न त्या मिठीतच ठरलं.

आता एवढी तपासणी कशासाठी, तर घरात एक बरणी होती. काकूंची लोणच्याची काचेची बरणी, काकांनी हडप केलेली. आत रेशमाच्या धाग्याला टांगलेला चुंबकाचा बारका तुकडा, त्यावर चिकटवलेला टिकलीएवढा आरसा. त्या आरशावर लेसरचा लाल किरण सोडायचा, तो उलटून समोरच्या भिंतीवर ठिपका पडायचा. पृथ्वीच्या चुंबकत्वाला सूर्याकडून जोराचा धक्का बसला की चुंबक केसभर वळायचा आणि ठिपका भिंतीवर सरकायचा. ठिपक्याची नेहमीची जागा काकांनी पेन्सिलीच्या उभ्या रेघेने दाखवून ठेवली होती.

“सूर्यावर काय चाललंय ते ह्यांना घरबसल्या कळतं,” काकू म्हणायच्या. “गॅसवर दूध उतू जातंय ते कळत नाही.”

आणि आता बघा दैवाची करामत. चौलमधलं हे घर, भोवती सुपारीची वाडी, शांतता अशी की सुपारी पडली तरी ऐकू यावी. पण त्या घराच्या कुंपणाला लागून कोणाचं गोदाम? माझं! मंडप आणि लाउडस्पीकर. लोखंडी पाइपांचे ढीग, आणि प्रत्येक स्पीकरच्या पोटात हे एवढं चुंबक. काकांच्या लेखी मी शेजारी नव्हतो, नैसर्गिक आपत्ती होतो.

सकाळी मी दात घासत असताना कुंपणावर त्यांचं डोकं उगवायचं.

“काल दुपारी काय उतरवलंस?”

“थळच्या लग्नाचा माल परत आला, काका.”

“मोठे स्पीकर?”

“चार.”

“तरीच! अरे, मी वेधशाळेत फोन करून बसलो, की सूर्यावर भयंकर काहीतरी झालंय!”

“मग ते काय म्हणाले?”

“म्हणाले, मंडपवाल्याला विचारा.”

पण बरणी हे काकांचं खेळणं. खरं वेड दुसरंच होतं. ते वेड म्हणजे लाट.

एकदा आम्ही दोघं मुंबईला जायला मांडव्याच्या जेट्टीवर उभे होतो. बोटीचं फाटक बंद झालेलं. पुढची माणसं फाटकापर्यंत जाऊन परत फिरत होती, मागची माणसं पुढे येत होती, आणि सगळी गर्दी मधल्या मध्ये डुलायला लागली. एका बाईची टोपली माझ्या बरगडीत, माझी बॅग एका गुजराती शेटजींच्या पोटात. मी वैतागलेलो, आणि काका? काका दोन्ही हात पसरून आनंदाने ओरडले, “हीच ती! हीच ती लाट!”

शेटजी घाबरून समुद्राकडे बघायला लागले.

“समुद्रातली नाही हो! सूर्याकडची!” आणि काकांनी तिथेच, त्या रेटारेटीत, सुरू केलं. सूर्याकडून वारा येतो, विजेने भारलेल्या कणांचा. पृथ्वीभोवती आहे चुंबकत्वाचं कुंपण. त्या कुंपणाच्या बरंच पुढे, वारा जिथे पहिल्यांदा अडखळतो, तो उंबरा. शास्त्रात त्याला वेगळं नाव आहे, काका उंबराच म्हणायचे. काही कण त्या उंबऱ्यावर आपटून उलटे फिरतात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात घुसतात. मग हे असं होतं! जाणारे आणि येणारे एकमेकांना भिडतात आणि वारा डुलायला लागतो. “म्हणजे ही लाट सूर्यावर जन्मतच नाही. आपल्याच उंबऱ्याबाहेर जन्मते. आणि ठेका कसा? साधारण अर्ध्या मिनिटाला एक हेलकावा! वाऱ्याचा जोर जास्त, म्हणून तो लाटेला पुन्हा उंबऱ्यावर आणून सोडतो.”

“पछी?” शेटजी खरोखर गुंतले होते. “पुढे काय?”

काकांचे हात हळूहळू खाली आले.

“पुढे गडबड आहे,” ते म्हणाले. “उंबऱ्याच्या आत नुसता गोंधळ, मासळीबाजारासारखा. त्यातून लाट धड पलीकडे जायला नको. पण जमिनीवरची आमची यंत्रं तर दिवसाढवळ्या तोच अर्ध्या मिनिटाचा ठेका दाखवतात. ती आत कशी येते, ते माहीत नाही.”

तोवर आमची बोट सुटून गेली होती.

मंडळी, हे ‘माहीत नाही’ लक्षात ठेवा. काकांनी ते शाळांतून सांगितलं, वाचनालयात सांगितलं, एका बारशाला सांगितलं. व्याख्यान सुरेख रंगायचं, सूर्य यायचा, वारा यायचा, आणि उंबऱ्यापाशी येऊन काका प्रामाणिकपणे थांबायचे. लोकांना सवयच झाली. ‘उंबरा’ हा शब्द आला की अध्यक्ष चष्मा पुसायचे, पहिली रांग चपला शोधायची, आणि मी आभाराचा माइक चालू करायचो.

त्यांना खरं छळलं ते मात्र एका माणसाने. रेवदंड्याची बायजामावशी. दारोदार मासळी विकणारी, आवाज असा की माझे स्पीकर लाजावेत. काकांनी पहिल्याच दिवशी परात पुढे केली तर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“कोयता भायेर ठेवू? नि सुरमई काय दातांनी तोडू?”

तह असा झाला, की मावशी फाटकाशी बसणार, कोयता फाटकाच्या आत येणार नाही, आणि काकूंनी ताट घेऊन तिथे जायचं. कापाकापी चालू असताना काका तिला लाट सांगायचे. उंबऱ्यापर्यंत तिने ऐकलं, आणि कोयता हवेत तसाच धरून विचारलं, “मंग आत कशी येते?”

“ते अजून कळलेलं नाही.”

“मंग मगासधरनं काय सांगत व्हतास?”

मावशी सगळ्या जगाला अरे-तुरे करायची, त्यात काका काय नि कलेक्टर काय. तेव्हापासून दर खेपेला फाटकातून हाक यायची, “काका! आली का तुजी लाट आत?” आणि काका ओटीवरून, शाळेत धडा न आलेल्या पोरासारखे उत्तर द्यायचे, “थांब, अजून उंबऱ्याबाहेरच आहोत!”

मग एक सकाळ अशी उगवली, की काका माझ्या गोदामात आले. स्वतःच्या पायांनी! पाइपांच्या ढिगांमधून, स्पीकरांच्या भिंतीला खेटून! मी माइकच्या वायरी गुंडाळत होतो, त्या हातातून सुटल्या.

“काका, एवढ्या लोखंडात तुम्ही?”

“उंबराच हलतो रे!” त्यांनी माझ्या एका पाइपाला मिठी मारली. पायांत घरातल्या सपाता होत्या, तशाच धावत आले होते. “उंबराच हलतो!”

परदेशातल्या काही मंडळींनी संगणकावर हा सगळा प्रकार मांडून बघितला होता आणि काकांनी ते रात्रभर वाचलं होतं. लाट उंबऱ्यावर आपटते आणि उंबऱ्यालाच हलवते. उंबऱ्याचा जोर त्याच ठेक्यात कमी-जास्त होतो, त्याबरोबर आतल्या गोंधळावरचा दाब कमी-जास्त होतो. ते धक्के आतल्या कुंपणाला लागतात आणि कुंपणाच्या आत नवीन लाट उठते, ठेका तोच! मग आत पृथ्वीच्या चुंबकरेषा आहेत, ताणलेल्या तारांसारख्या. ज्या तारेला तो ठेका जुळतो ती घुमायला लागते, आणि जमिनीवरची सुई हलते.

“म्हणजे लाट आत येतच नाही?” मी विचारलं.

“लाट बाहेरच! तिचा ठेका आत!” आणि हा माणूस माझ्या गोदामात, गुडघे दुखत असताना, नाचला.

पण आता गंमत बघा. उत्तर मिळालं आणि ऐकणारं कोणी उरलं नाही. वाचनालयात त्यांनी मुद्दाम व्याख्यान ठेवलं. सूर्य झाला, वारा झाला, काका म्हणाले, “आणि आता आपण उंबऱ्यापाशी आलो,” आणि अख्खं सभागृह उठलं! सवय हो! अध्यक्षांनी नारळ हातात दिला. काका नारळ धरून ओरडतायत, “थांबा, पुढे आहे, पुढे आहे!” आणि लोक त्यांना नमस्कार करून चालले आहेत. बायजामावशीला फाटकाशी सांगायला गेले तर ती म्हणाली, “आता न्हाय, बर्फ वितळतंय. नि तू सांगू नको बाबा, तुजं सांगनं उंबऱ्यातच अडाकतं. दाखव. डोल्यांनी बगन तेवा खरं.”

त्यातच मुलीने पुण्याला न्यायचं ठरवलं. काकांचे गुडघे, काकूंचे डोळे, वाडीत दोघंच किती दिवस राहणार? निघायचा दिवस ठरला, सामान बांधायला घेतलं. काका एकदा कुंपणाशी आले, स्पीकरांची चौकशीसुद्धा केली नाही.

“सगळ्या तालुक्याला मी ‘माहीत नाही’ सांगून ठेवलंय,” ते म्हणाले. “आता माहीत झाल्यावर तसंच निघून जायचं?”

ते हसत नव्हते. त्यांना हसू येत नाही असं मी पहिल्यांदाच बघितलं.

आता माझी दुसरी ओळख सांगतो. आमच्या भागात कबड्डीचा सामना असला की मंडप माझा, स्पीकर माझे आणि तोंडही माझंच. समालोचक! त्या आठवड्यात आमच्या मैदानावर स्पर्धेचा अंतिम सामना होता. मी काकांना म्हटलं, “या. वेळ मिळाला तर बघू.” ते आले, काकूंना घेऊन, पहिल्या रांगेत बसले. मांडीवर परात!

आणि वेळ मिळाला. प्रमुख पाहुणे मुंबईहून बोटीने येणार होते, बोटीला उशीर. पाहुण्यांशिवाय सामना सुरू करायचा नाही असा आयोजकांचा हट्ट. दिवस कलायला लागलेला, मैदान माणसांनी फुललेलं, आणि माझे सगळे विनोद संपलेले. त्यातले काही तर मी दोनदा सांगितले होते आणि दुसऱ्या वेळी लोक माझ्या आधी शेवट सांगत होते. तेवढ्यात माझी नजर परातीवर गेली.

“आणि आता, मंडळी,” मी माइकमध्ये गरजलो, “पाहुणे येईपर्यंत एक प्रदर्शनीय लढत! सूर्याचा वारा विरुद्ध पृथ्वी!”

काका असे उठले, की गुडघे त्यांचे नव्हतेच.

पृथ्वीच्या बाजूने रेवदंड्याचा संघ. कप्तान पप्या, बायजामावशीचा मुलगा, आणि मावशी स्वतः रांगेत बसून शेंगा खात होती. वाऱ्याच्या बाजूने पाहुण्या संघाचा एक धिप्पाड चढाईवाला. काकांनी सगळं समजावलं. बचावाच्या सातही जणांनी हात धरून साखळी करायची, तो उंबरा आणि त्यामागचं सगळं. चढाईवाल्याने यायचं, साखळीच्या टोकाला खांद्याने धडक द्यायची आणि मागे फिरायचं. साखळीने त्याला धरायचं नाही. धक्का मात्र हातातून हातात पलीकडच्या टोकापर्यंत जाऊ द्यायचा.

मी माइक पुढे केला तर काका मागे सरकले. “त्याच्या पोटात चुंबक आहे.”

“काका, इथे कुठे तुमची बरणी आहे?”

“तत्त्व म्हणून.”

म्हणजे बोलणारे ते, ऐकवणारा मी. तरी सुरुवात झाली नाही. कारण काका परात घेऊन पृथ्वीच्या रांगेसमोरून फिरायला लागले.

“लोखंड?”

मनगटातली कडी पडली, अंगठ्या पडल्या. पप्यापाशी आले तर पप्या कानात काहीतरी कुजबुजला. काकांनी मान हलवली. “लोखंड म्हणजे लोखंड.” पप्याने कमरेशी चाचपून एक सेफ्टी पिन काढून परातीत टाकली, आणि त्या क्षणापासून त्याचा डावा हात चड्डीवरून हलेना.

पहिली चढाई. साखळीत पप्याचा हातच नाही, भलंमोठं भगदाड! चढाईवाल्याला ते दिसलं, आणि खेळाडूचं रक्त, सगळं समजावलेलं विसरून तो भगदाडातून आत शिरला, टपाटपा सगळ्यांना शिवला आणि परत. माझ्या तोंडून निघून गेलं, “पृथ्वीवर लोण!” शिट्ट्याच शिट्ट्या. काका डोक्याला हात लावून उभे.

काकू उठल्या. मंडपाच्या खांबाची काथ्याची दोरी सोडली, पप्याला भर मैदानात उभा करून त्याच्या कमरेला आवळली, गाठ मारली आणि जागेवर जाऊन बसल्या. हा सगळा खेळ संपेपर्यंत माझा मंडप एका बाजूने जरा कलता होता.

दुसरी चढाई. साखळी भक्कम. चढाईवाला आला, धडकला, आणि पृथ्वीचे सातही जण त्याच्यावर कोसळले. नुसता ढीग! पंचांनी सवयीने शिट्टी मारून त्याला बाद दिलं.

“सोडा त्याला!” काका ओरडले. “लाटेला धरायचं नसतं!”

“धरायचं न्हाय तं पोरांना उबं कशाला केलंस?” रांगेतून मावशीचा आवाज. हशा पिकला, आणि मागची काही माणसं उठायला लागली. मला त्या चपलांचा आवाज ओळखीचा होता. काकांनाही होता. त्यांनी एकदा लोकांकडे बघितलं, एकदा मावशीकडे. मग हातातली परात काकूंकडे दिली आणि चप्पल काढून ते मैदानात उतरले.

साखळीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांनी शेवटच्या खेळाडूचा हात धरला. “मी सुई,” ते म्हणाले. आणि डोळे मिटले.

उठलेली माणसं उभीच राहिली. म्हातारा पडतो की काय, हे बघायला असेल. पण राहिली.

“सूर्याचा वारा निघालाय, मंडळी,” मी माइकमध्ये म्हणालो, आणि माझा आवाज मलाच वेगळा वाटला. “उंबऱ्यावर पोचतोय… पोचला!”

धडक! पप्याचा खांदा मागे गेला. त्याने ओढला दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, धक्का हातातून हातात असा सरकत गेला की डोळ्यांना दिसला, आणि टोकाला काका वाऱ्यातल्या सुपारीसारखे डुलले. चढाईवाला केव्हाच मागे फिरला होता.

“लाट कुठे आहे?” काकांनी डोळे न उघडता विचारलं. मी ते माइकमध्ये म्हटलं.

“बाहेर!” मैदान ओरडलं.

“आणि हेलकावा?”

“आत!”

“पुन्हा!” काका म्हणाले. आणि मंडळी, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कबड्डीची एक चढाई असते किती? अर्धं मिनिट! काकांच्या लाटेचा ठेका तो किती? मी पंचांना खूण केली, आणि प्रत्येक चढाईला वेळेवर शिट्टी झाली. धडक, हेलकावा. धडक, हेलकावा. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. काका टोकाला डुलतायत, चेहऱ्यावर तीच दिवाळी.

नेमकी तेव्हाच बँड वाजला आणि प्रमुख पाहुणे हार-तुऱ्यांसकट मैदानाच्या दाराशी हजर झाले. आयोजक धावले. पण त्यांच्याआधी काकांनी एक डोळा उघडला, मोकळा हात वर केला आणि पाहुण्यांना म्हणाले,

“थांबा! अजून उंबऱ्याबाहेरच आहात!”

सगळं मैदान खदखदलं. पाहुणे थांबले हो! सबंध एक चढाई, गळ्यात हार घेऊन, उंबऱ्याबाहेर उभे. बँडवाल्यांनी तर टाळ्यांचाच ठेका उचलला.

सगळं आटोपल्यावर बायजामावशी काकांसमोर आली. शेंगांची टरफलं झटकली.

“येवडंच व्हय?” ती म्हणाली. “मंग इतकी वर्सं काय करत व्हतास?”

“उंबऱ्यात उभा होतो,” काका म्हणाले. इतकं सुखाने मी कोणाला असलं उत्तर देताना ऐकलेलं नाही.

ठरल्या दिवशी दोघं पुण्याला गेली. काकूंनी परात नेली, कणीक मळायला. काकांनी बरणी मागे ठेवली, तिला प्रवास सोसत नाही म्हणून. आणि घराची चावी माझ्या हातात दिली. कुलूप पितळेचं, चावी पितळेची.

पुण्याहून फोन यायचे. जावयाचं घर मोठ्या इमारतीत, वरच्या कुठल्याशा मजल्यावर. “भिंतीत लोखंड, छतात लोखंड, लिफ्ट म्हणजे तर लोखंडाची पेटीच. आता मीच परातीत राहतो रे,” काका म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मग विचारायचे, “तुझे स्पीकर कुठे आहेत?” मी सांगायचो, नेहमीच्या जागी. खरं म्हणजे ते गेल्यावर मी सगळे स्पीकर रस्त्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवले होते. का, ते विचारू नका. जागा नव्हती, असं मी बायकोला सांगितलंय.

परवा दुपारी फोन आला, आवाज घाईचा. “सूर्यावर मोठं वादळ झालंय. जा, बरणी बघ!”

गेलो. पायरीवर खिसे रिकामे केले, पट्टा काढला, किल्ल्या काढल्या. मोबाइल आत न्यायची सोय नाही, त्याच्या पोटात चुंबक. तोही पायरीवरच ठेवला, आवाज मोठा करून. आत जाऊन लेसर लावला आणि पुन्हा दारात येऊन उभा राहिलो, कारण काका पायरीवरून ओरडत होते, “काय दिसतंय? काय दिसतंय?” आत बघावं तर फोन लांब, फोनपाशी यावं तर ठिपका लांब. माझी नुसती ये-जा.

“कोन हाय रं घरात?” फाटकातून हाक आली. बायजामावशी.

मी सांगितलं काय ते. ती टोपली उतरवून सरळ आत आली, माझ्या बाजूने, उंबरा ओलांडून. इतक्या वर्षांत त्या घरात तिचं पाऊल पहिल्यांदाच पडलं. भिंतीपाशी जाऊन, डोळे बारीक करून उभी राहिली. मी उंबऱ्यात, फोन बाहेर.

“काका विचारतायत, पेन्सिलीच्या रेघेवर आहे का?” मी आत ओरडलो.

“न्हाय!” ती आतून ओरडली. “सरकला! अर्दा बोट सरकलाय! सांग त्याला, आली म्हनावं आत!”

मी पायरीकडे वाकलो. “काका, आली आत.”

पलीकडे पुण्यातली लिफ्ट कुठेतरी वाजली. मग काका खाकरले.

“बायजा आहे का ती? तिला विचार…” शब्द तोच, दारातला. “लोखंड?”

मी आत वळून विचारलं. मावशी ठिपक्यावरची नजर न काढता, नुसता हात मागे करून फाटकाकडे बोट दाखवती झाली. तिथे, फाटकाबाहेरच्या दगडावर, तिने आपणहून काढून ठेवलेला कोयता उन्हात लखलखत होता.